अठ्ठावन्न किलो

शिवडीच्या गोदामांमागे, खाडीकाठी, घारापुरीच्या लेण्यांवरून फेरी मारून आणणाऱ्या हेलिकॉप्टरचा छोटासा तळ आहे. तिथे उडण्याआधी प्रत्येक प्रवाशाचं वजन घेतात. काउंटरवरची सुरुची रोज सकाळी स्वतः वजनकाट्यावर उभी राहून तो तपासायची. आजही ती नेहमीसारखीच अठ्ठावन्न किलो भरली होती.

दुपारची फेरी परतली. चौघं गेली होती, चौघंच उतरली. त्यांतल्या सुनंदाकाकू थेट काउंटरवर आल्या.

"काय सुंदर माहिती सांगितलीस गं लेण्यांची! घसा नाही दुखला?"

"मी? काकू, मी तर इथेच होते."

"चल, चेष्टा पुरे! माझ्या शेजारीच तर बसली होतीस."

सुरुचीने पायलटकडे पाहिलं. अनिमेष वैतागलेलाच होता.

"यायचं होतं तर आधी सांगायचं ना, सुरुची! वजनाचं सगळं गणित चुकतं. आणि तू उतरलीस कधी? मी तर तुला उतरताना पाहिलंच नाही."

सगळ्यांच्या देखत ती वजनकाट्यावर चढली.

समोर शून्य दिसत होतं.

तिने जोरात पाय आपटला. आकडा हललाच नाही.