टिलरची सुट्टी

परुळेकरांनी भंगारातून आणलेल्या नांगरणीच्या डिझेल टिलरला बायकोच्या, मंदाताईंच्या शिलाई मशीनचा पट्टा बसवला, कुकरचं रबर चढवलं. दोन वर्षं हँडल मारलं, तरी तो ढिम्म. मंदाताईंनी मेथी पेरायचं काढलं की परुळेकर म्हणायचे, "टिलर चालू होऊ दे आधी."

खंडेनवमीला अवजारांना विश्रांती. मंदाताईंनी टिलरला झेंडूचा हार घातला, "आज तुला सुट्टी हो, मुळीच हलू नकोस," म्हणत नारळ वाढवला आणि टिलर धडधडत सुटला! सगळी बाग नांगरून, तुळशीला वळसा घालून जागेवर येऊन थांबला.

"पाहिलंस? माझ्या हातचा गुण!" परुळेकर खुर्चीत रेलले. "मेथी उद्या बघू."

मंदाताईंनी टिलरचा हार काढून नवऱ्याच्या गळ्यात घातला. "तुम्हालाही आज सुट्टी. मुळीच हलू नका."

परुळेकर ताडकन उठून बियांची पिशवी शोधू लागले.