परत मागितलेल्या पेशी

रजनी वाघधरेंच्या पत्राला वसंतरावांनी उत्तरच दिलं नव्हतं. त्यांचा लिम्फोमा हा रक्ताचा कर्करोग हटवताना डॉक्टरांनी केमोने त्यांची मज्जा मारली होती आणि अनोळखी रजनीताईंच्या मूळपेशी त्यांच्यात रुजवल्या होत्या. आता तोच रोग रजनीताईंना झाला होता. तुमच्यात वाढलेल्या माझ्या निरोगी पेशींतल्या थोड्या परत द्या, असं त्यांनी लिहिलं होतं.

वसंतरावांना यात काळंबेरं दिसत होतं. ही फसवणूक असेल तर? आणि खरं असेल, तर रोगाचं बीजही आपल्यात आलं असेल का?

सोसायटीच्या फाटकावरचं सरकारी यंत्र रक्ताच्या थेंबावरून माणूस ओळखायचं आणि दवाखान्याच्या नोंदींतून त्याचं दुखणं सांगायचं. प्रत्यारोपणापासून रक्त रजनीताईंच्या पेशींचं झाल्याने ते वसंतरावांना रजनीताईच समजायचं. "आलात का रजनीताई? चहा टाकू?" असं म्हणत कुमुदताई नवऱ्याला चिडवायच्या.

त्या संध्याकाळी वसंतरावांनी बोट टेकवलं, तर यंत्र म्हणालं, "रजनीताई, तुमची केमो चालू आहे. बाहेर फिरू नका."

मागे उभ्या कुमुदताई हळूच म्हणाल्या, "पत्र खरं होतं हो."

"पण पेशी घेण्याआधी मला तपासतील. त्यात काही निघालं तर?"

"निघालं तर बघू. त्या बाईला किती ताटकळत ठेवणार?"

वसंतरावांनी लिहिलं, "पेशी तुमच्याच आहेत. कधी येऊ?" आणि स्वतः जाऊन पाकीट टपालपेटीत टाकलं.