पान उलटायचं बटण

दुकानदार मल्लप्पानं काउंटरवर दोन ई-बुक रीडर ठेवले आणि दोन्हींत ग्रंथ चढवून दिला. ग्रंथाची फाइल यशपालनं घरूनच पेन ड्राइव्हवर आणली होती. कुठल्याही कामाला तो असाच तयारीनं जायचा. त्याची आई केसरबाई स्टुलावर ताठ बसली होती, पदर नीट घेऊन, फोटो काढायला आल्यासारखी.

आषाढी पौर्णिमा तोंडावर आली होती. वर्षावासाचे तीन महिने वस्तीतल्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चाले, आणि कित्येक वर्षं ते केसरबाईच करत आली होती. पांढरं लुगडं नेसायचं, पांढऱ्या कापडावर ग्रंथ ठेवायचा आणि खणखणीत वाचायचं. यंदा मात्र विहाराच्या मंडळानं स्पष्ट सांगितलं होतं, छापील अक्षर आता केसरबाईंना दिसत नाही, वाचन धम्मप्रिया मॅडमकडे द्यायचं. त्यावर केसरबाई एकटीच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आली आणि मोठं अक्षर दिसतंय म्हणाले, असं तिनंच सगळ्यांना सांगितलं. मंडळ म्हणालं, मग मोठ्या अक्षराची सोय करा. यशपालनं लगेच नवी पेठ गाठली.

"हे बघ, ह्यात आतून उजेड हाय, बोट लावलं की पान उलटतंय," पहिला रीडर तिच्यापुढं धरत तो म्हणाला. "पहिल्यापासून वाच."

केसरबाईनं घसा खाकरला आणि वाचायला लागली. कुठं अडखळणं नाही, कुठं थांबणं नाही.

"अजून बारीक करू?"

"कर की."

त्यानं अक्षर बारीक केलं. ती तशीच वाचत राहिली. आणखी बारीक केलं. मल्लप्पानं वाकून बघितलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"मावशी, ह्ये तर मलाबी दिसंना. तुमची नजर लई भारी हाय बघा."

यशपालला आईचं कौतुक वाटलं, आणि त्याहून जास्त स्वतःच्या निवडीचं. मल्लप्पा खोकी काढायला काउंटरखाली वाकला. यशपाल आईबरोबर मनातल्या मनात ओळी वाचू लागला. शेवटची ओळ आली. संपली. केसरबाईचा हात मांडीवरच होता, आणि आवाज पुढं चालला होता. पान तेच होतं.

त्यानं स्क्रीनवर पालथा हात ठेवला. केसरबाई वाचत राहिली.

"आई," तो हळूच म्हणाला, "माझा हात हाय त्याच्यावर."

वाचन थांबलं. मग चाचपत तिनं त्याचा हात शोधला आणि त्यावर आपला ठेवला.

"डॉक्टर काय म्हणाले होते? खरं सांग."

"आता काय येत न्हाय म्हनले नजर. हाय ते उजेड-अंधार तेवढं."

यशपालला रडू येईल असं वाटलं. भर दुकानात रडणं बरं दिसणार नाही म्हणून त्यानं समोरच्या कव्हरांकडे बघितलं. "मला सांगायचं की."

"तू मंडळाला सांगितलं असतंस. तुला खोटं बोलाया येत न्हाय." ती आवाज खाली आणत म्हणाली. "ग्रंथ माज्या तोंडात हाय, यशपाल. त्यो कुटं जातोय? पर पुस्तक घिऊन बसले तर लोक म्हनत्यात, हिला दिसत न्हाय. ह्ये असलं हातात असलं तर बसू देतील."

केसरबाईनं चाचपून दुसरा रीडर उचलला. कडेवरून अंगठा फिरवत नेला, मधेच थांबवला आणि दाबला. टिक् आवाज झाला.

"ह्ये काय?"

मल्लप्पा खोकी घेऊन वर आला. "त्ये पान उलटायचं बटण, मावशी. पर त्ये घेऊ नका. जुनं मॉडेल हाय, उजेडबी कमी. आता कोन इचारत न्हाय त्येला."

केसरबाईनं पुन्हा दाबलं. टिक्. "ह्येच दे. ह्ये हाताला लागतंय."

मल्लप्पानं यशपालकडे बघितलं. एवढा शिकलेला मुलगा आता आईला समजावेल, अशी त्याची अपेक्षा असावी. केसरबाई मुलाच्या कानाशी वाकली.

"तू शेजारी बसशील न्हवं? पान संपलं की गुडघा लाव नुसता."

यशपालनं पहिला रीडर मल्लप्पाकडे सरकवला.

"बरं, ह्येच देतो," मल्लप्पा म्हणाला. "अक्षर केवढं लावून देऊ?"

"मला शेजारी बसून दिसेल एवढं," यशपाल म्हणाला.