फुलीची बाटली

बायकोला जाऊन चौथा दिवस होता. सकाळी मुलीने चव घेण्याच्या खोलीतून हाक मारली, "बाबा, आईची बाटली कुठंय?"

"कोणती?"

"खडूची फुली मारलेली. यंदाच्या मिश्रणाची."

तो दारातच थांबला. त्यांच्या वाइनच्या तळघरात मिश्रण ठरवायचं काम बायकोचं आणि धुण्यापुसण्याचं त्याचं. तीस वर्षं असंच चाललं होतं. दवाखान्यातून फोन आला तेव्हा त्याला हात रिकामे ठेवता येईनात. ओट्यावर दिसलं ते सगळं त्याने धुऊन टाकलं होतं.

"धुतली," तो म्हणाला.

मुलगी स्टुलावर बसली. "प्रमाण लिहिलं होतं का तिनं?"

त्याने नकारार्थी मान हलवली. मिश्रण रात्रभर बसू द्यायचं, सकाळी उपाशीपोटी पुन्हा चाखायचं आणि पटलं तरच वहीत आकडे लिहायचे, ही तिची रीत. ती सकाळ तिला मिळाली नाही.

फळीवर बाटल्या पालथ्या घातल्या होत्या. त्यातली एक त्याने उचलली, हुंगली. मग तिच्यात घोटभर पाणी घालून हलवलं आणि पिऊन टाकलं.

"बाबा, काय करताय?"

"साबण लागतोय," तो म्हणाला.

कॅबर्ने, मर्लो आणि माल्बेक, तीन जातींच्या द्राक्षांच्या तीन वाइन; त्यांची पिंपं सोमवारी एकत्र करायची होती. मुलगी म्हणाली, "गेल्या वर्षीचं प्रमाण घेऊ. कुणाला कळणार आहे?"

"यंदाची कॅबर्ने ताठ आहे. ती म्हणाली होती."

"आणखी काय म्हणाली?"

त्याने आठवायचा प्रयत्न केला. "कॅबर्ने म्हणजे घरातला मोठा दीर. बोलतो खरं, पण बोलणं लागतं. शेजारी मर्लो बसवली की माणसं त्याच्यापाशी चार घटका टिकतात. माल्बेक फक्त रंगापुरती."

"ते मलाही सांगायची. पण ती बाटली तुम्हाला चाखायला दिली होती ना? तुम्ही काय म्हणालात?"

"चांगली आहे म्हणालो."

"एवढंच?"

"दर वर्षी तेच म्हणायचो. चहा चांगला, वाइन चांगली."

मुलीला हसू आलं. ते लगेच विरलं. "आई म्हणायची, तुझ्या बाबांना विचारणं म्हणजे भिंतीला विचारणं. पण भिंत घरची आहे, विचारल्याशिवाय राहवत नाही."

त्याने पेले पुसून ओट्यावर ठेवले.

मुलीने मापाच्या नळ्या मांडल्या. शंभरात सत्तर कॅबर्ने, पंचवीस मर्लो, पाच माल्बेक. मग मर्लो थोडी कमी, मग थोडी जास्त. चढू नये म्हणून बायको चाखून थुंकत असे. त्याला थुंकणं कधी जमलं नव्हतं. तो प्रत्येक घोट गिळत गेला. डोळे मिटून तो बायकोने त्या संध्याकाळी चाखायला दिलेला घोट शोधत होता. तिने पेला कसा धरला होता ते आठवलं, तिची ओली बाही आठवली. तोंडात काय होतं, ते काही आठवेना.

सातव्या पेल्याला तो अडला. घोट जिभेवर फिरवत राहिला.

"हिरड्या आवळतात," तो म्हणाला. "आधी काळ्या फळाचा वास येतो, बरं वाटतं. मग मध्येच पोकळ होते. शेवटी नुसती कडू सालं."

मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. "म्हणजे मर्लो वाढवायची?"

"हो."

"किती?"

त्याने पेला खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी ओट्याची कड धरली.

"आईची अशी होती का, बाबा? याच्या जवळपास तरी?"

"मी तेव्हा लक्षच दिलं नाही गं."

मुलीने वही उघडून त्याच्यापुढे सरकवली. पानावर यंदाचं साल बायकोच्या अक्षरात लिहिलेलं होतं. त्याने पेन्सिल घेतली, बराच वेळ हातात धरली आणि वहीवर आडवी ठेवली.

तळघरात कॅबर्नेची चौदा पिंपं आहेत, मर्लोची पाच, माल्बेकचं एक. त्यांचं मिश्रण अजून झालेलं नाही.