यंदाची सोबत

दर वसंतात तो आठवडाभर किनाऱ्यावर जायचा, उत्तरेकडे परतणारे पक्षी बघायला. बायको म्हणायची, "मीही येते." तो म्हणायचा, "भणाणता वारा, चिखल, तासन्‌तास उभं राहणं... तुला नाही झेपायचं." यंदा गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे त्याला एकट्याने जाणं शक्य नव्हतं, म्हणून ती हट्टाने निघालीच.

सकाळी पोचल्यापोचल्या दोघं थेट किनाऱ्यावर गेले. ओहोटीच्या वाळूवरून तुतवार पक्ष्यांचा अख्खा थवा एकदम उडाला, हवेत वळला आणि उन्हात लखलखला. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. उभा संसार झाला आणि हे आपण आज बघतोय!

तेवढ्यात तो दरवर्षी उतरायचा त्या लॉजची मालकीण चहाचा थर्मास घेऊन आली. "काका, यंदा काकूंना नाही आणलंत? मला सगळ्या पक्ष्यांची नावं त्यांनीच तर शिकवली." मग बायकोकडे बघून हसत म्हणाली, "आणि या कोण?"

त्याने दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. आकाशात तर आता एकही पाखरू नव्हतं.

"मी यांची बहीण," बायको म्हणाली. "वहिनींना बरं नाही."

आता तरी हा तोंड उघडेल, म्हणेल, 'अहो, ही माझी बायको,' असं तिला वाटत होतं.

"काळजी घ्यायला सांगा हं त्यांना," म्हणत मालकीण निघून गेली. त्याने दुर्बीण खाली ठेवली, चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, "बरं झालं, सांभाळून घेतलंस."