लसूण संपायच्या आत

"माई, तुम्ही नुसता नारळ धरून बसा, फोटो छान येईल," असं संयोजकबाई म्हणाल्या, तेव्हाच माईंचं डोकं फिरलं होतं. नवऱ्याच्या जन्मशताब्दीचा सोहळा, आणि जो उठे तो हेच सांगे, की या थोर लेखकाने ऐंशी हेरकथा एकांतात, एकट्याच्या बुद्धीवर लिहिल्या.

एकांत कसला डोंबलाचा! दुसरी शिकलेल्या माई लसूण सोलायच्या आणि हे समोर पाटावर बसून नवी कथा वाचून दाखवायचे. लसूण संपायच्या आत माईंनी फितूर ओळखला, की कागद बंबात. पण ते सांगायला माईक कोण देतंय?

मग नातू उठला. आजोबांच्या कपाटात सापडलेली अर्धी कादंबरी त्याने पुरी केली होती. पहिलं प्रकरण ऐटीत वाचून त्याने सभागृहाला विचारलं, "सांगा, फितूर कोण?"

"इस्त्रीवाला!" माई जागेवरूनच कडाडल्या. "साहेब महिनाभर गावाला, आणि हा मेला रोज कपडे न्यायला येतोय!"

सभागृह हसलं. नातवाचं तोंड उतरलं. "आजी, हे आजोबांनीच लिहिलंय गं."

"मला काय सांगतोस? तेव्हाही मी हेच म्हटलं होतं. जाळलं म्हणाले होते."

नातवाने माईक आणून त्यांच्या हातात दिला. आता सगळे कान टवकारून बसले. माई मात्र हार घातलेल्या फोटोकडे वळल्या.

"एवढे फितूर पकडले मी," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही माझ्याच घरात कागद लपवलेत, ते चाळीस वर्षं कळू दिलं नाहीत होय!"