रिकामी मूठ

घोंगडीखाली काळोख होता आणि हातिम समूनवाला रांगेतल्या एकेकाच्या मुठीत हात घालत पुढे सरकत होता. अंगठी तो कुणाच्या तरी मुठीत सोडणार होता. कुणाच्या, ते फक्त त्याला आणि त्या माणसाला कळणार. पलीकडच्या बाजूच्या माणसाने ती नुसत्या चेहऱ्यांवरून हुडकायची, चुकला की डाव गेला. मैथमच्या मुठीत त्याने नुसतंच बोट खुपसलं. "जावईबापू, चेहरा सांभाळा," असं कुजबुजून तो पुढे गेला.

नेमका तेव्हाच मैथमच्या खिशातला फोन थरथरला. त्याने चोरून बघितलं. शेजारच्याने उजेड दिसेल म्हणून कोपर मारलं, तरी वाचायचं ते वाचून झालं होतं. बहिणीचा निरोप होता, एका ओळीचा. 'बाबांचा रिपोर्ट आला. तीन.'

हिवाळ्यात रक्ततपासणीतला हाच आकडा दोनशेच्या वर होता. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांपर्यंत पोचला होता. नव्या इंजेक्शनांनी आकडा उतरला तर ठीक, नाहीतर आमच्या हातात फारसं काही नाही, असं डॉक्टरांनी मैथमला बाहेर बोलावून सांगितलं होतं. आईने सगळ्यांना शपथ घातली होती, की बाबांना फक्त 'सूज आहे' एवढंच सांगायचं. गल्लीतल्या मांजरांनासुद्धा खरं काय ते ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या बाबांना, अबू मैथमला.

तीन! मैथमला वाटलं, ही घोंगडी फेकून द्यावी आणि रस्त्याच्या मधोमध नाचावं. तेवढ्यात ती दुसऱ्याच कुणीतरी ओढली.

समोर काठी टेकून त्याचे वडीलच उभे होते. रमजानात इफ्तार उरकला की काझिमियाच्या गल्ल्यांत हा अंगठीचा खेळ रंगतो आणि तिथे अबू मैथमच्या नजरेपुढे भलेभले पाघळतात. गेल्या रमजानात दुखण्यामुळे तो आला नव्हता. यंदा आला तर पोटचा पोरगाच पलीकडच्या रांगेत. लग्नानंतर मैथम सासऱ्याच्या गल्लीत राहायला गेला होता आणि सासरा म्हणजे हाच हातिम. अबू मैथमच्या बाजूची माणसं ओरडत होती, की आधी त्या घरजावयाला बघा, सासऱ्याच्या भट्टीतले समून-पाव खाऊन गाल वर आलेत. दोन्ही बाजू बरोबरीत होत्या. हा शेवटचा डाव होता.

अबू मैथम मुठी मोकळ्या करत निघाला. तू रिकामा, तूही रिकामा, तुला तर हातिम जन्मात अंगठी देणार नाही, तुझ्या पोटात काही राहत नाही. लोक हसत होते. मध्येच तो थांबला. चेहरा लालबुंद झाला आणि मानेवरून घामाच्या धारा लागल्या. म्हातारा घाबरला, असा हातिमने पुकारा केला. ती उष्णतेची लाट इंजेक्शनाची आहे, हे मैथमला माहीत होतं. अबू मैथमने रुमालाने तोंड पुसलं आणि तो पुढच्या माणसाकडे वळला.

मग तो मैथमसमोर आला.

मैथमने जीभ चावली. दुखऱ्या दाढेचा विचार केला. आजोबांचा जनाजा आठवून पाहिला. पण आनंद काही केल्या खाली बसेना, पार कानाच्या पाळ्यांपर्यंत चढला. अबू मैथम वाकून बघत राहिला.

शेवटी त्याने मुलाच्या डाव्या मुठीला काठी लावली. "आण इकडे."

मैथमने मूठ उघडली. आत काही नव्हतं.

हातिमची माणसं जागच्या जागी उसळली. रांगेच्या पार टोकाला बसलेला म्हातारा शिंपी अंगठी नाचवत उठला. ढोल वाजायला लागला. अबू मैथमची नजर गेली, असं जो तो ज्याला त्याला सांगत सुटला. तो मात्र जागचा हलला नाही. काठीवर भार टाकून त्याने तोंड मुलाच्या कानाशी नेलं.

"अंगठी नव्हती, पण काहीतरी होतं. आकडा आला ना?"

"कसला आकडा, बाबा?"

"मागच्या खेपेला दोनशेच्या वर होता तो."

मैथमचा उघडा पंजा तसाच समोर होता. त्यातली तीन बोटं त्याने उभी धरली.

म्हाताऱ्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला. "तीनशे?"

"तीन, बाबा. नुसते तीन."

अबू मैथमचे खांदे हलायला लागले. तो हसत होता, आवाज न करता, डोळे पुसत पुसत. तेवढ्यात हातिम येऊन उभा राहिला. हरणाऱ्यांनी मिठाई आणायची असते, याची त्याने मोठ्या प्रेमाने आठवण करून दिली. एक परात कशाला, गल्लीच्या तोंडाला जेवढी झलाबिया तळून झाली असेल तेवढी सगळी माझ्या नावावर उचल, असं अबू मैथमने सांगितलं. हरून एवढा खूश झालेला माणूस हातिमने आजवर बघितला नव्हता. म्हातारपण, दुसरं काय, असं म्हणून अबू मैथमने त्याला वाटेला लावलं.

मैथमची तीन बोटं अजून वरच होती. वडिलांनी ती एकेक करून खाली दुमडली आणि मुठीवर आपला घामेजलेला हात ठेवला.

"मिटून ठेव," ते म्हणाले. "तुझ्या आईला वाटतं, मला यातलं काहीच ठाऊक नाही."